कागदावरची हजामत

टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या बाईला लोक उगाच बदनाम करतात. मी आयुष्यात कुणाचं बोलणं चोरून ऐकलेलं नाही. बोलणीच आपल्या पायांनी चालत यायची आणि माझ्या कानात बैठक मारायची; मी बिचारी त्यांना हाकलू कशी? तेव्हा खटखट्याची गोष्ट मला इतकी बारीकसारीक कशी ठाऊक, असं कुणी विचारू नये. विचारलंत तर अजून चार गोष्टी सांगेन, त्यात तुमचीही एखादी निघायची.

खटखट्या म्हणजे आमच्या ऑफिसातला टेलेक्सवाला. खरं आडनाव होतं त्याला, पण ते पगाराच्या दिवशीच बाहेर यायचं. आमची मालवाहतुकीची कंपनी. खाली गोदाम, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे त्याची खोली. माझा बोर्ड त्या पार्टिशनला टेकून. टेलेक्स म्हणजे काय, ते आजच्या मंडळींना सांगायला हवं. दिसायला मोठं टाइपरायटर, पण तारेला जोडलेलं. इथे कळ दाबली की दूरच्या शाखेतल्या यंत्रावर तेच अक्षर आपोआप उमटायचं. लांबलचक मजकूर असला तर आधी कागदी फितीवर भोकं पाडून तो तयार ठेवायचा, आणि लाइन मिळाली की फीत यंत्रातून सोडायची. भोकं पाडताना जो भुसा पडायचा तो खटखट्याच्या अंगावर कायम. खिशात, भुवयांत, कानाच्या पाळीवर. आम्ही म्हणायचो, या माणसाच्या डोक्यावर केस नाहीत, पण कोंडा मात्र भरपूर आहे.

कारण केस खरोखरच नव्हते. ऐन तारुण्यात ते त्याला सोडून गेले, आणि तेही निरोप न घेता. चेहरा गोल, गाल तजेलदार, तब्येत ठणठणीत, आणि वर हे असं. त्याच्या ताईने एकदा एका मुलीशी गाठ घालून दिली होती. मुलगी दारातून आत आली, तिने याला पाहिलं, आणि जवळची खुर्ची पुढे सरकवत म्हणाली, "बसा ना काका. ते आत आहेत का?"

"ते" म्हणजे हाच. त्या दिवसापासून याने लग्नाच्या बाबतीत कानाला खडा लावला. ताई मात्र हार मानणारी नव्हती. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारा; बाकीचं वर्ष तिच्या हातात शिवणयंत्र आणि हा भाऊ. ती मला फोन करायची, "बाई, तुमच्या ऑफिसात कुणी आहे का हो? आंधळी नको, पण नजर जरा कमी असेल तर..."

"ताई, मी ऐकतोय," पार्टिशनमागून खटखट्याचा आवाज यायचा; ताईचा आवाज फोनबाहेरही ऐकू जायचा.

"ऐकायला कान तरी आहेत, देवाची कृपा," ताई म्हणायची.

तर या माणसाला एक व्यसन होतं. काम नसलं की तो अक्षरांची चित्रं काढायचा. रेघ नाही, रंग नाही. नुसती अक्षरं, टिंबं, आडव्या दांड्या. टिंब म्हणजे उजेड, एक्स म्हणजे सावली. जवळून बघाल तर कुणी वेड्याने यंत्र बडवलंय असं वाटेल. कागद हातभर लांब धरला, डोळे किलकिले केले, की एकदम बोट दिसायची, कपबशी दिसायची, झोपलेलं कुत्रं दिसायचं. फिती डब्यात जपून ठेवायचा. संध्याकाळी लाइन मोकळी असली की कुठल्या तरी शाखेला एखादं चित्र सोडून द्यायचा. साहेबांना ठाऊक होतं. पण साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली याने काढलेली वाफाळती किटली होती, त्यामुळे साहेब गप्प.

त्याची खरी मिरवायची गोष्ट म्हणजे काळा रंग. इतर शाखांतले लोकही चित्रं करायचे, पण त्यांची करडी, पाणचट. याचा काळा म्हणजे काजळ. त्याची खुबी त्याने कुणालाही सांगितली नव्हती. मला दिसली, कारण पार्टिशन काचेचं. यंत्रावर ओळ संपली की दोन कळा दाबायच्या. एकीने छापणारी गाडी पुन्हा डावीकडे येते, दुसरीने कागद एक ओळ वर सरकतो. हा पठ्ठ्या पहिली कळ दाबायचा आणि दुसरी दाबायचाच नाही. गाडी डावीकडे, कागद जागच्या जागी. मग आधीच्या एम एम एम वर डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू. एकाच ओळीवर दोनदा ठोकलं की काळं कुळकुळीत.

आता बंदरवाली. बंदरावरच्या शाखेत टेलेक्सवर एक बाई बसायच्या. आम्ही कुणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. कंटेनरांचे नंबर पाठवून झाले की त्या खाली एक ओळ टाकायच्या, "इकडे वारा फार. तिकडे?" हा लिहायचा, "इकडे पंखा बंद." असं करत करत गाडं पुढे गेलं. याने बोट पाठवली, तिकडून मांजर आलं. याने छत्री पाठवली, तिकडून सुईदोरा आला. तिची चित्रं साधी, एकेरी ओळींची. मांजर कायम पांढरं. "नवशिकी आहे," हा मला अगदी लाडाने सांगायचा, "काळा जमत नाही तिला. शिकवीन कधीतरी."

शिकवलं असतं, तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण कारागीर! खुबी फुकट कशी द्यायची?

एके दिवशी तिकडून ओळ आली, "तुम्ही दिसता कसे?"

मी बोर्डावरून पाहिलं तर खटखट्या उभाच राहिलेला. मग त्याने खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळलं. मग माझ्याकडे आला.

"बाई, मी दिसतो कसा?"

"उकडलेल्या बटाट्यासारखा. पण चांगल्या बटाट्यासारखा."

दोन दिवस तो स्वतःचा चेहरा काढत बसला. डोळे साधले, नाक साधलं, हसू तर फार गोड साधलं. घोडं अडलं डोक्यापाशी. टक्कल काढायचं कसं? टक्कल म्हणजे कोरा कागद. भुवयांच्या वर काहीच नाही. चेहरा वरून कापल्यासारखा दिसायला लागला. "फीत तुटली असं वाटेल हो तिला," तो मला म्हणाला. "वर काहीतरी वजन पाहिजे." मग तोल साधायचा म्हणून, निव्वळ कलेची गरज म्हणून, त्याने वर केस घातले. एमवर डब्ल्यू, एमवर डब्ल्यू, थरावर थर. असं रान माजवलं की त्यात ससा लपला असता.

फीत सोडली आणि लगेच तो ती परत ओढायला धावला. बोट जणू बंदरातून सुटली होती, आता हात दाखवून थांबणार थोडीच?

उत्तर आलं, "चित्र मिळालं. भारदस्त आहात."

दुपारभर तो जिन्यातल्या आरशासमोर भारदस्त होऊन येत होता. पण दुसऱ्याच दिवशी तिने लिहिलं, "तुम्ही फार काळजी करता असं दिसतं."

"बाई, दिसतं म्हणजे कुठे दिसतं? मी तर हसरं तोंड काढलं होतं!"

"डोळ्यांत दिसत असेल."

"डोळे म्हणजे नुसते दोन ओ आहेत हो!"

खरी पंचाईत पुढेच होती. मुख्य ऑफिसातून परिपत्रक निघालं: शाखांतल्या टेलेक्सवाल्यांना हिवाळ्यात इथे प्रशिक्षणाला बोलावणार. म्हणजे बंदरवाली येणार. याच्याच खोलीत बसणार. खटखट्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहा समोर गार होऊ लागला. कंटेनरचे नंबर चुकवू लागला; सुतळीची खेप भलत्याच गावाला गेली आणि साहेबांनी किटलीकडे बघत बघत त्याची हजेरी घेतली. जेवायचा डबा ताईकडे तसाच परत जायचा.

"सरळ सांगून टाक ना, केस नाहीत म्हणून," मी म्हटलं.

"आणि मग? खोटारडा ठरेन. टकला आणि खोटारडा. एक काहीतरी असावं माणसाने."

"मग काय करणार आहेस?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हळूहळू गळवणार."

आणि खरंच, तुम्हाला खोटं वाटेल, पण या माणसाने दर शनिवारी स्वतःचं नवं चित्र पाठवायला सुरुवात केली, आणि दर चित्रात केसांचा वरचा एक थर उतरवला. जगात लोक हजामतीला दुकानात जातात, हा यंत्रावर जायचा. हिशेब असा की हिवाळ्यापर्यंत टक्कल आपोआप पडलेलं असेल, तिला सवय झालेली असेल, आणि खोटं कुणीच बोललेलं नसेल. केस काय, सगळ्यांचेच गळतात.

पण तिकडून येणाऱ्या ओळी बदलू लागल्या. पहिल्या शनिवारी काहीच नाही. दुसऱ्या वेळी आलं, "तब्येत बरी आहे ना?" त्यानंतर, "झोप लागते का?" मग, "कुणा चांगल्या डॉक्टरला दाखवलंत का?"

"बाई, ओळखलं तिने," खटखट्या घाम पुसत म्हणाला. "डॉक्टर विचारते. केसांचा डॉक्टर."

"अरे, मग बरंच की. सवय होतेय."

"सवय नाही हो, कीव येतेय तिला! नुसते चार थर कमी झाले तर डॉक्टर. सगळे गेल्यावर काय करेल?"

मलाही ते जरा चमत्कारिक वाटलं. केस गळतात म्हणून कुणी झोप विचारत नाही. पण मी बोलले नाही. माणूस आधीच टांगणीला. आपण कशाला दोरी हलवायची?

ताईला बातमी लागलीच. कशी लागली ते विचारू नका, फोन कुणाला तरी जोडावाच लागतो. ती ऑफिसात आली ती थेट पार्टिशनच्या आत.

"काय रे, लोकांना केस पाठवतोस म्हणे?"

"ताई, हळू."

"मला पाठवला नाहीस कधी एखादा. किती थर राहिलेत आता?"

"दोन."

"ती मुलगी बरी आहे का रे?" ताईचा आवाज एकदम खाली आला.

खटखट्या फितीच्या डब्याशी चाळा करत राहिला. "ताई, ती रोज विचारते, तिकडे वारा आहे का. मला दुसऱ्या कुणी कधी वारा विचारलेला नाही." डब्याचं झाकण लावत तो म्हणाला, "तिने मला काका म्हटलं तर मी ही नोकरी सोडीन."

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या जिभेवर आलेला विनोद गिळून टाकला. मला असं क्वचितच जमतं.

दुसऱ्याच सकाळी यंत्र आपणहून खडखडलं. "मी निघाले आहे. उद्या पोचते. मामा सोबत आहेत. प्रशिक्षणापर्यंत थांबवत नाही. काम करू नका, पडून राहा."

खटखट्याने कागद फाडला, वाचला, मला दाखवला, परत घेतला, परत वाचला. "पडून राहा म्हणजे?" मग एकदम यंत्रावर झेपावला. खरं काय ते आत्ताच्या आत्ता लिहून पाठवतो म्हणाला. पण बंदरावरच्या यंत्राशी आता दुसराच कुणी बसलेला. त्याने उत्तर दिलं, "बाई रजेवर. घाईचं असल्यास संदेश ठेवा, सर्वांना वाचून दाखवू." सर्वांना! खटखट्याने यंत्र बंद केलं आणि डोकं धरलं. धरायला सोपं होतं.

त्या दिवसाचा आमचा खटखट्या म्हणजे बघवत नव्हता. उठायचा, बसायचा, खिडकीशी जायचा. खिशात कंगवा निघाला. कुठून आणला होता देव जाणे. रजा टाकावी तर ती घरी येईल, सोबतीला मामा असल्यावर तिला संकोच कसला? न टाकावी तर येणारच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्डावर बसले आणि आत पाहिलं, तर खटखट्या गोदामातलं पिवळं हेल्मेट घालून यंत्रासमोर बसलेला. माल चढवताना हमाल घालतात ते.

"हे काय रे?"

"सुरक्षा," तो म्हणाला.

"टेलेक्स कोसळतो का अंगावर?"

"बाई, पाया पडतो, आज नको."

ताईही आली होती, शिवण अर्धवट टाकून. म्हणाली, "काढ ते. तिला वाटेल छत पडायला आलंय." त्याने दोन्ही हातांनी हेल्मेट घट्ट धरलं, लहान मुलाने टोपी धरावी तसं.

आणि जिन्यात पावलं वाजली.

माझ्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. उंच, सावळी, वाऱ्याने विस्कटलेली, हातात कागदांची गुंडाळी. मागे धापा टाकत एक जाडजूड मामा. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात सफरचंदांची पिशवी. बाईंनी हळूच विचारलं, अगदी दवाखान्यात विचारतात तसं, "टेलेक्सवाले... आहेत का?"

"आहेत की."

"अजून कामावर येतात?" तिचे डोळे भरले. "बोलता येतं त्यांना?"

आता मात्र माझी मती गुंग झाली. मी बोर्ड सोडला, फोन वाजत ठेवले आणि दार उघडलं. साहेबांचा कॉल कापला गेला असेल तर असो.

खटखट्या उठून उभा राहिला. हेल्मेट कपाळावर उतरलेलं, खाली ते दोन टवटवीत गाल, आणि चेहऱ्यावर फाशीच्या कैद्याचा भाव. बंदरवाली त्याच्याकडे बघतच राहिली. पायापासून वर, परत वरून खाली.

"तुम्ही तर धडधाकट आहात!" ती म्हणाली, आणि जवळच्या स्टुलावर मटकन बसली.

"हो," खटखट्या म्हणाला. "माफ करा."

मामा पुढे झाले. "काय हो, आजार बरा झाला? मी हिला म्हणत होतो, मूत्रपिंड असणार. आमच्या शेजाऱ्याचं असंच झालं, बघता बघता एवढासा झाला माणूस."

"कसला आजार?" ताई म्हणाली. "काल याने माझ्या वाट्याचंही खाल्लं नाही एवढंच."

बंदरवालीने गुंडाळी सोडली आणि टेबलावर एकापुढे एक कागद मांडले. आम्ही सगळे वाकलो. खाली तोच चेहरा, तेच दोन ओंचे डोळे, तेच गोड हसू. पण वर! वर केस नव्हतेच. भुवयांपासून वरपर्यंत एमची एक ओळ, खाली डब्ल्यूची, पुन्हा एमची, पुन्हा डब्ल्यूची. गोदामाच्या शिडीसारखं उभंच्या उभं चढत गेलेलं. पहिल्या कागदावर ती शिडी वीतभर. पुढच्यावर जरा कमी. आणखी पुढे आणखी कमी. शेवटच्या कागदावर मनुष्य अर्ध्यावर आलेला.

"पहिल्यांदा मला वाटलं, काळजी कमी होतेय तुमची," ती म्हणाली. "मग बघते तर डोकंच कमी होतंय. दर शनिवारी. काय समजायचं माणसाने?"

खटखट्या कागदाच्या इतका जवळ गेला की हेल्मेट टेबलाला लागलं. मी त्याचा चेहरा पाहत होते. भीती कुठल्या कुठे गेली आणि तिथे कारागीर येऊन बसला.

"कागद सरकला!" तो ओरडला. "गाडी मागे आली की तुमचा कागद सरकतो! कागद सरकवायची कळ वेगळी आहे ना तुमच्या यंत्राला?"

"होती. झिजली म्हणून मिस्त्रीने तो भाग काढून टाकला. आता गाडी मागे गेली की कागद आपोआप वर जातो. का? संदेश तर नीट उमटतात."

"संदेश नीटच उमटणार! अहो, पण मी इथे कागद न सरकवता दोनदा ठोकतो, एकावर एक, म्हणून तर काळं होतं. तुमच्याकडे ते एकाखाली एक पडलं. म्हणून तुमचं मांजर पांढरं! आणि मी इथे बसून आपलाच कागद बघत होतो..." तो यंत्राकडे धावला, एक ओळ ठोकून दाखवली, तीवर दुसरी ठोकली, परत तिच्याकडे आला, हातवारे केले, घामाघूम झाला, आणि बोलता बोलता, अगदी सवयीने, हेल्मेट काढून रुमालाने डोकं पुसलं.

ताईने डोळे मिटले. बोर्डावर माझे सगळे फोन वाजत होते. खटखट्याचा हात रुमालासकट डोक्यावरच थांबला, आणि त्याला कळलं.

बंदरवालीने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग पहिला कागद उचलला, हातभर लांब धरला, डोळे किलकिले केले. पुन्हा डोक्याकडे पाहिलं.

"हे काळं काय होतं मग?" तिने विचारलं.

"केस," खटखट्या म्हणाला.

"केस? मी तर कपाळ समजत होते. एवढं मोठं कपाळ आणि त्यावर आठ्याच आठ्या. म्हटलं, किती काळजी करतो हा माणूस." तिने कागद खाली ठेवला. "आठ्या एवढ्या नाहीत. कपाळ मात्र बरोबर आलंय."

मामांनी पिशवीतलं एक सफरचंद काढलं, शर्टाला पुसलं आणि स्वतःच खायला लागले. "आजारी कुणी नसेल तर उगाच नासतील," ते म्हणाले. ताई इतकी हसली की तिला थर्मासमधलं पाणी द्यावं लागलं. त्यात पाणी नव्हतं, सूप होतं, तेही तिने प्यायलं.

मी काही बोलले का? बोलले. मी म्हटलं, "बाई, याला काका म्हणायचं नाही बरं का. नोकरी सोडणार आहे तो."

"काका कशाला?" ती म्हणाली. "वारा आहे का इकडे, ते तरी सांगा. मला फार उकडतंय." खटखट्याने धावत जाऊन पंखा लावला. तो बंदच पडलेला होता. मग त्याने खिडकी उघडली.

संध्याकाळच्या गाडीने ती दोघं परत गेली. जाताना खटखट्याने विचारलं, "ती कळ दुरुस्त करून घ्यायला सांगू का तुमच्या साहेबांना?" ती म्हणाली, तुमची खुबी आधी मला शिकवा, मग बघू.

पुढचे दोन दिवस तो पुन्हा काळजीत. आठ्यांचा माणूस तिला आवडला होता, पण बिनआठ्यांचा? घरी जाऊन विचार बदलला तर? मामांनी काही भरवलं तर? मी कान टवकारून बसले होते, म्हणजे काम करत होते. शनिवारी त्याने नवी फीत केली. डोळे, नाक, हसू, भुवया. भुवयांच्या वर काहीच नाही. एम नाही, डब्ल्यू नाही, एक टिंबसुद्धा नाही. फीत सोडली आणि हात मांडीखाली दाबून बसला.

यंत्र बराच वेळ गप्प होतं. मग खडखडलं.

"चित्र पोचलं. भुवयांच्या वर कागद कोरा आहे. बरोबर ना?"

खटखट्याने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, नवशिक्यासारखं ठोकलं, "बरोबर."